खणांचे घर, चौरस फुटांचे घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. माणसे दमून निजली होती. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० जीव गेले. माणसांना भूकंपाने नव्हे, घरांनी मारले, असे तेव्हा बोलले जाई. ते खोटे नव्हते. परंतु त्यावरून दगडामातीच्या घरालाच जी फाशीची शिक्षा सुनावली गेली, ती आम्हांला आजही घाईची वाटते.

या भागातील जुने घर माळवदाचे. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घराचे माप खोल्यांत नव्हे, खणांत सांगत. मुलाचे लग्न झाले, हाती पैसा आला, की खण वाढे. पुढे सोपा, मागे गोठा, भिंतीत धान्याचे बळद, माळवदावर वाळवण आणि उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे. संसाराबरोबर वाढणारे असे हे घर होते.

मग ते का कोसळले? भिंतीचे आतले व बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले, मध्ये बारीक दगडमाती भरलेली. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळी नवी माती पडे, तिचे ओझे वेगळेच. धक्क्यासरशी भिंती फुटल्या. मात्र ढिगाऱ्यांमध्ये अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला होता, हे फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. आणि ज्याने आपले लेकरू दगडाखालून उपसून काढले, त्याला सांगाड्याची महती कोणत्या तोंडाने सांगावी? लोकांनी सिमेंट मागितले, यात त्यांचा दोष नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावे नव्या जागी हलली. सुमारे २८,००० घरे उभी राहिली. घरे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची, आणि वाटणी जमीनधारणेवर! आठ माणसांच्या भूमिहीन कुटुंबास २५०, तर मोठ्या शेतकऱ्यास, घरात दोघेच असले तरी, ७५०. माणसे मोजण्याऐवजी सातबारा मोजला गेला. शिवाय सरळ रस्ते, रांगेत घरे. जुनी गल्ली आणि शेजार मोडला. कडबा, औते, जनावरे कोठे ठेवावीत, हा प्रश्न नकाशाला पडलाच नव्हता.

वाढणारे घर आखता येत नाही, असे नव्हे. मूळचे गोमंतकीय असलेले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी त्याआधीच, १९८० च्या दशकात, नवी मुंबईत बेलापूर येथे बैठ्या घरांची वसाहत रचली होती. एका अंगणाभोवती सात घरे, आणि कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने वाढवावे. लहान घरालाही वाढीचा हक्क मिळाला, हे आम्हांला त्यात मोलाचे वाटते.

जी गावे हलली नाहीत, तेथे दुरुस्ती व मजबुतीकरणाची योजना आली. भिंतीला आरपार भोके पाडून काँक्रीटचे बंध घालावेत, माळवदाची माती कमी करावी, खांब-तुळयांना तिरके आधार द्यावेत, असे तिचे शास्त्र. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या. बांधकाम तपासू लागल्या, गवंड्याला जाब विचारू लागल्या. अर्थात पुष्कळांनी जुन्या भिंतीला हातही न लावता त्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. आमच्या लेखी तोही एक नवा खणच!

पुढे एका पुनर्वसित गावात गेलो असता आम्ही २५० चौरस फुटांच्या घरापुढे नवी भिंत चढताना पाहिली. दगड जुन्या गावठाणातून बैलगाडीने आणलेले, बांधणी मातीची. आरपार दगड कोठे आहे, असे विचारताच गवंड्याने आमच्याकडे नवलाने पाहिले. ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते.