हॉट १००: अमेरिकी गाण्यांच्या क्रमवारीतील विक्रमांचा इतिहास

अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक प्रसिद्ध करते. ४ ऑगस्ट १९५८ च्या अंकापासून तिचे नाव ‘हॉट १००’ आहे. कोणते गाणे किती आठवडे अव्वल राहिले, कोणत्या कलावंताची किती गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली, याचा हिशेब मुख्यतः याच यादीवरून मांडला जातो. मात्र गाण्यांची लोकप्रियता मोजण्याची रीत या काळात अनेकदा बदलली. त्यामुळे यातला कोणताही विक्रम समजून घ्यायचा, तर तो झाला तेव्हा नेमके काय मोजले जात होते हे आधी पाहावे लागते.

‘बिलबोर्ड’ १८९४ मध्ये सिनसिनाटी शहरात निघाले ते भिंतींवर जाहिराती चिकटवण्याच्या धंद्यासाठी. पुढे सर्कस, जत्रा आणि रंगभूमीच्या बातम्या त्यात येऊ लागल्या. १९३० च्या दशकात खाणावळी आणि मद्यगृहांत ज्यूकबॉक्स पसरले, तेव्हा कोणती तबकडी चालते हे दुकानदारांना आणि ज्यूकबॉक्सवाल्यांना आठवड्याच्या आठवड्याला कळणे गरजेचे झाले. २७ जुलै १९४० च्या अंकात देशभरातील दुकानांच्या विक्रीवर आधारलेली यादी आली. तिच्यात पहिल्या स्थानी टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाचे ‘आय विल नेव्हर स्माइल अगेन’ हे गाणे होते आणि त्यात तरुण फ्रँक सिनात्राचा आवाज होता. हे गाणे १२ आठवडे अव्वल राहिले.

अमेरिकी समाजातील वर्णभेद या याद्यांतही उतरला. कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी १९४२ मध्ये ‘हार्लेम हिट परेड’ ही वेगळी यादी सुरू झाली, १९४५ मध्ये तिला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हटले जाऊ लागले आणि १९४९ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव मिळाले. ग्रामीण गोऱ्या श्रोत्यांच्या कंट्री संगीताची यादीही १९४४ पासून निराळी होती. गाणे कोणत्या यादीत बसवायचे हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

१९५० च्या दशकात दुकानांतील विक्री, रेडिओवरील वादन आणि ज्यूकबॉक्स यांच्या तीन स्वतंत्र याद्या होत्या. एल्विस प्रेस्लीच्या ‘हाउंड डॉग’ आणि ‘डोन्ट बी क्रूएल’ या दोन बाजूंच्या तबकडीने १९५६ मध्ये विक्रीच्या यादीत ११ आठवडे अग्रस्थान राखले. ‘हॉट १००’ने विक्री आणि रेडिओ यांची सांगड घालून एकच क्रमांक देण्याची पद्धत रुजवली. रिकी नेल्सनचे ‘पुअर लिटल फूल’ हे तिचे पहिले अव्वल गाणे.

या यादीतील सर्वांत गाजलेला विक्रम ४ एप्रिल १९६४ चा. त्या आठवड्यात पहिली पाचही स्थाने बीटल्सकडे होती: ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘प्लीज प्लीज मी’. शंभरांत त्यांची एकूण १२ गाणी होती, पुढच्या आठवड्यात १४ झाली. यामागे बीटल्सच्या प्रचंड लोकप्रियतेबरोबर कंपन्यांचा व्यवहारही होता. कॅपिटल कंपनीने सुरुवातीला त्यांच्या तबकड्या अमेरिकेत काढायला नकार दिला होता, म्हणून आधीच्या गाण्यांचे हक्क व्ही-जे, स्वान अशा छोट्या कंपन्यांकडे गेले होते. फेब्रुवारीत एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स झळकले, ७ कोटींहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि सगळ्या कंपन्यांनी आपापला माल एकाच वेळी बाजारात लोटला. एकाच कंपनीकडे सर्व हक्क असते, तर तिने गाणी एकेक करून, अंतर ठेवून काढली असती.

बीटल्सच्या तीन गाण्यांनी मिळून सलग १४ आठवडे पहिले स्थान अडवले होते. ते ९ मे १९६४ च्या यादीत सोडवले लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॅलो, डॉली!’ने. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी स्टीव्ही वंडर ‘फिंगरटिप्स’ घेऊन अवघ्या १३ व्या वर्षी अव्वल आला होता. त्याच १९६३ मध्ये क्यू साकामोतोचे ‘सुकियाकी’ हे संपूर्ण जपानी गाणे तीन आठवडे पहिले होते. इंग्रजीबाहेरच्या गाण्याला अमेरिकी श्रोता दाद देतो, हे बीटीएस या कोरियन गटाच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते.

अल्बमच्या यादीचे विक्रम वेगळ्या जातीचे आहेत, कारण अल्बम दीर्घकाळ विकला जातो. ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम १९६२-६३ मध्ये एकूण ५४ आठवडे पहिला होता. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ १९८३-८४ मध्ये ३७ आठवडे शिखरावर राहिला आणि त्यातील नऊपैकी सात गाणी पहिल्या दहांत आली. त्याच्या पुढच्या ‘बॅड’ने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. एका अल्बमच्या नावावर पाच अव्वल गाणी जमा होण्याची ही पहिलीच वेळ, आणि २०११ मध्ये केटी पेरीच्या ‘टीनेज ड्रीम’ने तिच्याशी बरोबरी केली. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ मध्ये जेमतेम एक आठवडा पहिला होता, पण यादीतला त्याचा एकूण मुक्काम ९०० आठवड्यांच्या पलीकडे गेला. गाण्यांच्या यादीत सातत्याच्या बाबतीत बी जीज बंधूंनी १९७७ ते १९७९ या काळात सलग सहा गाणी अव्वल नेली. व्हिटनी ह्यूस्टनने १९८५ ते १९८८ मध्ये सलग सातांचा पल्ला गाठला.

तोवर सगळा हिशेब सांगोवांगीवर चालत होता. दुकानदार फोनवर आपल्या खपाचा अंदाज सांगत आणि रेडिओ केंद्रे वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या पाठवत. त्यात आवडनिवड, पूर्वग्रह आणि कंपन्यांचा दबाव मिसळे. १९९१ मध्ये चित्र पालटले. मे महिन्यात अल्बमच्या यादीसाठी आणि नोव्हेंबरअखेर ‘हॉट १००’साठी ‘साउंडस्कॅन’ची आकडेवारी स्वीकारली गेली. दुकानात तबकडी विकली जाताना बारकोडवरून तिची नोंद आपोआप होऊ लागली, आणि रेडिओवरील वादनही यंत्र टिपू लागले. रॅप आणि कंट्री यांचा खप आजवर कमी दाखवला जात होता हे लगेच उघड झाले. त्याच वर्षी गार्थ ब्रुक्सचा ‘रोपिन द विंड’ हा अल्बम यादीत आला तोच पहिल्या स्थानी. कंट्रीच्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

नव्या मोजणीचा दुसरा परिणाम असा की गाणी शिखरावर फार काळ टिकू लागली. १९७४ मध्ये वर्षभरात ३० हून अधिक गाणी पहिल्या क्रमांकावर आली होती. २००२ मध्ये फक्त ७ नवी गाणी तिथवर पोचली. ‘बॉइझ टू मेन’च्या ‘एंड ऑफ द रोड’ने १९९२ मध्ये १३ आठवडे टिकून एल्विसचा ११ आठवड्यांचा, रॉक संगीताच्या काळातला जुना उच्चांक मागे टाकला. लगेचच व्हिटनी ह्यूस्टनचे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १४ आठवडे टिकले, आणि १९९५-९६ मध्ये मरायाह कॅरी व बॉइझ टू मेन यांच्या ‘वन स्वीट डे’ने १६ आठवडे पूर्ण केले. त्याआधी सप्टेंबर १९९५ मध्ये मायकेल जॅक्सनचे ‘यू आर नॉट अलोन’ यादीत पदार्पणालाच पहिले आले. असे यापूर्वी कधीच घडले नव्हते.

नियमांमुळे हुकलेले विक्रमही आहेत. सुटे सिंगल दुकानात आले नसेल, तर गाण्याला ‘हॉट १००’मध्ये जागा नव्हती. अल्बमचा खप वाढावा म्हणून कंपन्या १९९० च्या दशकात सिंगल काढणे मुद्दाम टाळत. ‘नो डाउट’चे ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या यादीत १६ आठवडे अव्वल होते, तरी मुख्य यादीत ते कुठेच नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये हा नियम रद्द झाला. त्यानंतर २००५ मध्ये डाउनलोड, पुढे स्ट्रीमिंग आणि २०१३ मध्ये यूट्यूब यांची गणना सुरू झाली.

स्ट्रीमिंगने मोजणीचा पायाच बदलला. पूर्वी तबकडी एकदा विकत घेतली की श्रोत्याचे मत एकदाच नोंदले जाई. आता त्याने दहा वेळा गाणे ऐकले की दहाही वेळा ते मोजले जाते. ‘देस्पासितो’ने २०१७ मध्ये १६ आठवड्यांची बरोबरी केली. २०१९ मध्ये लिल नॅस एक्सचे ‘ओल्ड टाउन रोड’ सलग १९ आठवडे पहिले राहिले. या गाण्याला ‘बिलबोर्ड’ने कंट्रीच्या यादीतून वगळले होते, त्यावर कृष्णवर्णीय गायकाला दार बंद केल्याची टीका झाली, आणि १९४० च्या दशकातला जुना वाद पुन्हा उभा राहिला. २०२४ मध्ये शाबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या ‘अ बार साँग’नेही १९ आठवडे गाठले. हे गाणे मात्र कंट्रीच्या यादीतही अव्वल होते.

अल्बम प्रसिद्ध होताच त्यातील प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे ऐकले आणि मोजले जाऊ लागल्याने बीटल्सचा विक्रमही मोडला. २०१८ मध्ये ड्रेकची सात गाणी एकाच आठवड्यात पहिल्या दहांत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने ‘मिडनाइट्स’मधील गाण्यांनी पहिली दहाही स्थाने व्यापली, आणि २०२४ मध्ये पहिली १४. दुसरीकडे ‘द वीकेंड’चे ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ ९० आठवडे यादीत राहिले, त्यातील ५७ आठवडे पहिल्या दहांत.

जुन्या गाण्यांनाही नवे आयुष्य मिळाले. मरायाह कॅरीचे नाताळगीत ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ १९९४ मध्ये सिंगल म्हणून विकले न गेल्याने यादीबाहेर राहिले होते, ते डिसेंबर २०१९ मध्ये पहिले आले. ब्रेंडा ली यांचे १९५८ चे ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ डिसेंबर २०२३ मध्ये शिखरावर पोचले, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या.

या यादीच्या पहिल्या दहांत मंगेशकर भगिनींचे सूरही पोचले आहेत. २००२ मध्ये नवव्या क्रमांकावर गेलेल्या ट्रुथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लता मंगेशकर यांनी ‘ज्योती’ चित्रपटासाठी गायलेल्या, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या गाण्याचा अंश होता. परवानगी न घेतल्याने तो वाद न्यायालयात गेला. २००५ मध्ये ‘ब्लॅक आयड पीज’च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ने तिसरा क्रमांक मिळवला. त्याचा पाया आशा भोसले यांनी ‘अपराध’ आणि ‘डॉन’ या चित्रपटांत गायलेल्या गाण्यांवर होता.

अव्वल गाण्यांच्या एकूण संख्येत बीटल्स २० गाण्यांसह आघाडीवर आहेत आणि मरायाह कॅरी १९ गाण्यांसह त्यांच्या मागे. बीटल्सचे यश दुकानांचे अंदाज आणि रेडिओच्या याद्या यांतून मोजले गेले. कॅरीचे यश दुकानांच्या अंदाजांच्या अखेरच्या दिवसांपासून बारकोड आणि स्ट्रीमिंगपर्यंतच्या सगळ्या पद्धतींत विखुरलेले आहे. त्यामुळे दोन काळांतल्या आकड्यांची थेट तुलना करून श्रेष्ठ कोण हे ठरवता येत नाही. आपापल्या काळच्या श्रोत्यांपर्यंत, त्या काळी मोजल्या जाणाऱ्या वाटांनी, कोण किती खोलवर पोचले याचा अंदाज मात्र हे आकडे देतात.