परत मागवलेली मैत्री

आजच्या भागात एका कादंबरीची गोष्ट. ती छापून दुकानात गेली आणि मग प्रकाशकाने परत मागवली. कारण? त्यातले दोन मित्र एकमेकांच्या जरा जास्तच जवळ होते!

आधी थोडं मागे जाऊ. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ ला सुरू झाली आणि १९६९ ला बंद पडली. भाग फक्त ७९. यानाचा कॅप्टन कर्क, मनाचं ऐकणारा. त्याचा सहकारी स्पॉक, अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन. भावना दाबून तर्काने चालणारा. दोघं एकमेकांसाठी जीव द्यायला तयार, पण तोंडाने कबूल करणार नाहीत.

हे न बोललेलं लिहायला घेतलं चाहत्यांनी, त्यातही बहुतेक बायकांनी. १९६७ मध्येच 'स्पॉकनेलिया' नावाचं चाहत्यांचं मासिक निघालं. नंतर अशी कितीतरी निघाली. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायचं, पोस्टाने पाठवायचं. पात्रं स्टुडिओच्या मालकीची, त्यामुळे कमाईचा प्रश्नच नव्हता. कुणी या नात्याला मैत्री म्हणालं, कुणी प्रेम. प्रेमकथांवर 'के/एस' अशी खूण असायची. आज फॅनफिक्शनमध्ये 'स्लॅश' म्हणतात ना, तो शब्द या तिरक्या रेघेतूनच आला.

याच जगातली एक लेखिका, डेला व्हॅन हाइस. तिची 'किलिंग टाइम' ही कादंबरी १९८५ मध्ये पॉकेट बुक्सने अधिकृतपणे काढली. कथा भारी आहे. रोम्युलन शत्रू भूतकाळात जाऊन इतिहास बदलतात. नव्या इतिहासात स्पॉक कॅप्टन आणि कर्क साधा कनिष्ठ अधिकारी. दोघांची ओळखही नाही, पण दोघांनाही जुन्या जगाची स्वप्नं पडत राहतात. म्हणजे इतिहास पुसला, तरी नातं पुसलं जात नाही.

पुस्तकाचंही तसंच झालं बघा. छापण्याआधी काही मजकूर सौम्य करायचा होता, पण मूळ मजकूरच छापला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर चुकीचा बिल्ड प्रॉडक्शनला गेला! मग रोलबॅक: प्रती परत मागवल्या, सुधारित आवृत्ती काढली. पण काही प्रती आधीच विकल्या गेल्या होत्या. चाहत्यांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून कुठे काय कापलंय ते शोधून काढलं.

गंमत म्हणजे मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने स्वतः १९७९ च्या आपल्या कादंबरीत या नात्यासाठी एक व्हल्कन शब्द वापरला होता. त्याचे अर्थ तीन: मित्र, भाऊ, प्रियकर. निर्मात्याने जे मोकळं ठेवलं, तेच सहा वर्षांनी एका चाहतीच्या पुस्तकातून खोडलं गेलं.

आपल्याकडेही 'जिवलग' म्हटलं की मित्र की प्रियकर, हे संदर्भावरूनच कळतं. तुमच्या जिवलगाला हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!