विंचवाचं बिऱ्हाड आणि वीस केबीची चिप

लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे… म्हणजे…" कापलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आजची गोष्ट एका रुसलेल्या पंपापासून सुरू करते.

माझी पहिली नोकरी. आम्ही पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर बनवत होतो. टेबलावर सगळं मस्त चालायचं. साइटवर लावला, आणि लाइट क्षणभर जाऊन परत आली की कधीकधी पंप सुरूच व्हायचा नाही. मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवला की परत शहाण्यासारखा चालू. कोड दहा वेळा वाचला. त्यात एक ग्लोबल व्हेरिएबल होता, पंप कोरडा चालतोय का ते सांगणारा. सी भाषेचा नियम साधा आहे: ग्लोबल व्हेरिएबलला तुम्ही किंमत दिली नसेल, तर तो शून्यापासून सुरू होतो. आमचा होत नव्हता. लाइट जाता जाता करंट पडायचा, कंट्रोलरला वाटायचं पाणी संपलं, आणि तो व्हेरिएबल १ व्हायचा. वीज लगेच परत आली की रॅममध्ये तो १ तसाच बसलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी सापडलं. कुणीतरी तो व्हेरिएबल मेमरीच्या वेगळ्या विभागात हलवला होता, आणि सुरुवातीला मेमरी शून्य करणारा कोड त्या विभागापर्यंत पोचतच नव्हता. "कुणीतरी" म्हणजे मीच, हो.

तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला: हे शून्य करतं कोण? कॉलेजमध्ये शिकलो की प्रोग्रॅम "मेन" फंक्शनपासून सुरू होतो. मग मेनच्या आधी कोण येऊन झाडलोट करून जातं?

मेनच्या आधीचा माणूस

त्या अदृश्य माणसाला रनटाइम म्हणायचं. तुमच्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅम मेमरीत आणते, जागा शून्य करते, आणि मग भाषेची लायब्ररी थोडी तयारी करून मेनला हाक मारते. मायक्रोकंट्रोलरवर ऑपरेटिंग सिस्टीम नसतेच. आर्म कॉर्टेक्स-एम जातीची चिप चालू झाली की फ्लॅश मेमरीतून फक्त दोन आकडे वाचते: स्टॅक कुठून सुरू करायचा, आणि पहिलं फंक्शन कुठे आहे. बस. त्या पहिल्या फंक्शननं सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये आणायच्या, बाकीची जागा शून्य करायची, आणि मग मेनला बोलवायचं. दहा-वीस ओळींचा कोड. पण तो कुणीतरी लिहावा लागतो.

आपल्याकडे म्हण आहे ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. प्रत्येक भाषेचं असं एक बिऱ्हाड असतं. मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर, थ्रेड सांभाळणारा शेड्युलर, एरर पकडणारी यंत्रणा. फोनवर ते जाणवत नाही. पण 'ब्लू पिल' नावाचा बोर्ड घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत पिझ्झापेक्षा कमी पैशांत मिळतो. त्यावरच्या चिपला ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम. तुमच्या फोनमध्ये ४ जीबी रॅम असेल, तर ती याच्या साधारण दोन लाख पट झाली. इथे बिऱ्हाड घेऊन आलात, तर दारातच अडकाल.

गरिबीत वाढलेली भाषा

सी भाषा इथे इतकी वर्षं टिकली, कारण ती जन्मलीच अडचणीच्या जागेत. १९७० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्याकडे पीडीपी-११ आलं. त्याची मेमरी २४ केबी, म्हणजे आपल्या ब्लू पिलच्या रॅमपेक्षा किंचित जास्त! त्यातली निम्मी युनिक्सच खाऊन टाकायचं. थॉम्पसनची आधीची 'बी' भाषा तिथे संथ पडत होती. रिचीनं तिच्यात टाइप घातले, थेट मशीन कोड काढणारा कंपायलर लिहिला, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये परत लिहिला गेला.

आता ज्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टीमच लिहायची, ती भाषा ऑपरेटिंग सिस्टीमच्या भरवशावर कशी राहणार? म्हणून सीनं जवळ जवळ काहीच पाठीवर घेतलं नाही. १९८९ च्या एएनएसआय स्टँडर्डनं तर हे लिहूनच ठेवलं: ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या जागी लायब्ररीतल्या मोजक्या गोष्टींचीच हमी आहे, आणि पहिल्या फंक्शनचं नाव 'मेन' असेल याचीसुद्धा नाही.

१९८० मध्ये इंटेलची ८०५१ आली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी डिप्लोमा-बीटेकच्या लॅबमध्ये तिच्यावर एलईडी लुकलुकवलाय. ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम. केबी नाही, बाइट. पुढे नॉर्वेत आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांनी एव्हीआर चिप आखली, तेव्हा सीचा कंपायलर बनवणाऱ्यांशी बोलून आखली. आधी भाषा यंत्राला जुळवून घेत होती, आता यंत्र भाषेला जुळवून घ्यायला लागलं. हीच एव्हीआर पुढे अर्डुइनोवर बसली.

पण सीनं ओझं घेतलं नाही म्हणजे ओझं नाहीसं झालं का? नाही. ते तुमच्या-माझ्या खांद्यावर आलं. ॲरेच्या बाहेर लिहिलं? चालतंय. मोकळी केलेली मेमरी परत वापरली? भाषा काही बोलणार नाही. फोनवर निदान ऑपरेटिंग सिस्टीम ॲप मारून टाकते. चिपवर तो चुकीचा आकडा गुपचूप दुसऱ्याच व्हेरिएबलवर जाऊन बसतो, आणि मोटर फिरत राहते.

सुरक्षित भाषांनी इथे यायचा प्रयत्न केलाच. जावाची सुरुवात १९९१ मध्ये सन कंपनीत घरगुती उपकरणांसाठीच झाली होती. पण चिपवर यायला तिला कपडे उतरवावे लागले. अनेक सिम कार्डांमध्ये चालते ती 'जावा कार्ड': थ्रेड नाहीत, दशांश संख्या नाहीत, गार्बेज कलेक्टरची सक्ती नाही. गो भाषेत नुसतं "हॅलो वर्ल्ड" कंपाइल केलं तरी फाइल एक एमबीच्या वर जाते, म्हणून 'टायनीगो' प्रकल्पाला चिपसाठी वेगळा कंपायलर आणि वेगळा, छोटा रनटाइम लिहावा लागला.

मग आली एक भाषा, जिनं मूळ बिऱ्हाडच रस्त्यात सोडलं.

लिफ्ट बंद पडली तेव्हा

२००६, व्हँकुव्हर. मोझिलातला प्रोग्रॅमर ग्रेडन होअर घरी आला तर लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर क्रॅश झालं होतं आणि हा राहायला एकविसाव्या मजल्यावर. जिने चढता चढता त्याच्या मनात आलं, की साधी लिफ्ट क्रॅश न होता चालवता येऊ नये? त्यानं स्वतःच्या वेळात एक भाषा आखायला घेतली. तीच रस्ट. २००९ मध्ये मोझिलानं तिला पाठबळ दिलं.

आता गंमत बघा. त्या सुरुवातीच्या रस्टमध्ये गार्बेज कलेक्टरनं सांभाळायचे पॉइंटर होते. ग्रीन थ्रेड होते, म्हणजे भाषेनं स्वतःच सांभाळलेले हलके थ्रेड. लागेल तसा वाढणारा स्टॅक होता. मोठं बिऱ्हाड होतं ते. ज्या लिफ्टवरून ही भाषा सुचली, तसल्या उपकरणातल्या २० केबीच्या चिपवर ती मावलीच नसती!

हे सगळं टाकून देण्यामागचं कारण मात्र चिप नव्हती. कारण होतं ब्राउझर. मोझिला 'सर्वो' नावाचं नवं ब्राउझर इंजिन रस्टमध्ये लिहीत होती. त्यात वेग हवा होता, आणि सी-सी++ च्या जुन्या कोडशी सतत देवाणघेवाण. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून जायचं, तर स्वतःचा स्वयंपाकी घेऊन जाता येत नाही. मग एकेक वस्तू बाहेर निघाली. २०१३ च्या शेवटी वाढणारा स्टॅक गेला, कारण वाढण्या-आकसण्याच्या सीमेवर एखादं फंक्शन सापडलं की वेग ढासळायचा. २०१४ मध्ये गार्बेज कलेक्टरवाले पॉइंटर गेले. त्याच वर्षी ग्रीन थ्रेडही गेले. दोन प्रकारचे थ्रेड सांभाळताना प्रत्येक इनपुट-आउटपुटला भुर्दंड पडत होता. मे २०१५ मध्ये रस्ट १.० आलं, तेव्हा पाठीवर जवळ जवळ सीइतकंच सामान उरलं होतं.

पण गार्बेज कलेक्टर काढून मेमरी सुरक्षित राहिली कशी? काम कंपायलरकडे सरकलं. प्रत्येक वस्तूचा मालक एकच, आणि उसनी दिली तर ती परत येईपर्यंत मालक तिला मोडू शकत नाही. हा हिशेब प्रोग्रॅम चालताना होत नाही, कंपाइल होतानाच होतो. या विचारामागे 'सायक्लोन' नावाच्या संशोधन-भाषेचाही हातभार होता. ओझं संपलं नाही, ते तुमच्या लॅपटॉपवर राहिलं. चिपपर्यंत पोचतो तो फक्त तपासून झालेला मशीन कोड.

आणीबाणीत काय करायचं, ते आधी सांग

जानेवारी २०१६ मध्ये, १.६ आवृत्तीत, चिपवाल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट स्थिर झाली. रस्टची लायब्ररी थरांत वाटलेली आहे. सगळ्यात खाली 'कोअर', ज्याला ना ऑपरेटिंग सिस्टीम लागते ना हीप. त्यावर 'अलॉक', ज्याला हीप लागतो. सगळ्यात वर 'एसटीडी', फाइल-नेटवर्क-थ्रेडवाला. फाइलच्या वर 'नो-एसटीडी' अशी एक ओळ लिहिली की वरचा मजला बंद. पुढे २०१८ मध्ये एम्बेडेडसाठी वेगळा गट बसला, आणि कॉर्टेक्स-एमसाठी नेहमीच्या स्थिर कंपायलरवर काम करता येऊ लागलं. २०२० मध्ये एव्हीआरचा आधारही मुख्य कंपायलरमध्ये आला, म्हणजे अर्डुइनोची चिपसुद्धा.

मला या सगळ्यात एक छोटी गोष्ट फार आवडते. नो-एसटीडी प्रोग्रॅम पहिल्यांदा कंपाइल केलात, तर कंपायलर अडून बसतो: पॅनिक हँडलर कुठंय? म्हणजे काय, तर सगळं बिघडल्यावर काय करायचं ते फंक्शन आधी लिहून दे. रिसेट करायचं? मोटर थांबवायची? दिवा लुकलुकवायचा? उत्तर दिल्याशिवाय प्रोग्रॅम बनतच नाही. सीनं हा प्रश्न मला कधी विचारलाच नव्हता. कॉर्टेक्स-एम३ वर शून्यानं भागलंत, तर चिप मुळात तक्रारही करत नाही, उत्तर म्हणून ० देते आणि पुढे जाते. रस्ट तिथे थांबून पॅनिक हँडलरला बोलावतं.

हार्डवेअरलाही तोच मालकीचा नियम लावता येतो. पिन इनपुट म्हणून लावली असेल आणि तुम्ही तिच्यावर लिहायला गेलात, तर चिप जळायच्या आधी कंपायलरच ओरडतो.

जे अजून खांद्यावरच आहे

आता खरं सांगते, नाहीतर हे भजन वाटेल. माझा पंपाचा बग रस्टनं पकडला असता का? नाही. मेमरीचे विभाग आखणारी लिंकर स्क्रिप्ट रस्टमध्येही तशीच असते. तयार लायब्ररी ते काम नीट करते, पण मी तिथेही स्वतःचा विभाग घुसवला असता, तर तोही शून्य झाला नसता.

स्टॅकचंही तसंच. तो रॅमच्या टोकापासून खाली वाढतो, आणि फार वाढला की ग्लोबल व्हेरिएबलवर चढतो. मालकीचे नियम त्याला अडवत नाहीत. यावर 'फ्लिप-लिंक' नावाचं साधन निघालं. ते फक्त मांडणी उलटी करतं: स्टॅक खाली, व्हेरिएबल वर. मग स्टॅक उतू गेला, तर रॅमच्या बाहेर पडतो आणि चिप लगेच फॉल्ट देते. चूक होतेच, पण लपत नाही. शिवाय चिपचे रजिस्टर हाताळायला कुठेतरी 'अनसेफ' लिहावंच लागतं, आणि चिप कंपन्यांचा बहुतेक कोड आजही सीमध्ये असतो.

होअर स्वतः २०१३ मध्येच प्रकल्पाच्या नेतृत्वातून बाजूला झाला. दहा वर्षांनी त्यानं लिहिलं, की त्याच्या मनातलं रस्ट याहून बरंच वेगळं होतं, आणि त्याच्या मतानं चाललं असतं तर ते इतकं पसरलंही नसतं. स्वतःच्या भाषेबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं.

तर मंडळी, "रनटाइम नाही" असं कुणी सांगितलं, की एकच विचारा: मग ते काम आता कोण करतंय? कंपायलर, लायब्ररी, चिप, की मी? उत्तर "मी" असेल, तर ते कागदावर लिहून ठेवा. मी नव्हतं लिहिलं, आणि तीन दिवस पंपाशेजारी बसले होते.

पुढच्या भागात भेटू. कॉलेजमध्ये ८०५१ वर रात्र काढलेला कुणी मित्र असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा.