शोकात्मिकेतील उपरोध आणि मराठी प्रेक्षक

सॉफोक्लिसच्या ‘ईडिपस’मधील उपरोध प्रेक्षकाच्या पूर्वज्ञानावर उभा आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सवासीयांना ही पुराणकथा ठाऊक होती; म्हणूनच लायसच्या मारेकऱ्याला राजा शाप देतो तेव्हा तो स्वतःलाच शापतो आहे, हे नायकाआधी प्रेक्षक जाणतो. अशा जाणत्या प्रेक्षकाची उणीव मराठीला कधीच नव्हती. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते ज्ञात आख्यानाच्याच आधारे. बीडकडील हरिनाम सप्ताहातला श्रोताही शेवट ठाऊक असूनच आख्यान ऐकतो. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले, पुढे पु. ल. देशपांडे यांनी ‘ईडिपस’चे मराठी रूप ‘राजा ओयदिपौस’ सिद्ध केले. परंतु थीब्जची कथा ज्याला अपरिचित, त्याच्यापुरता उपरोध मावळतो आणि केवळ रहस्य उरते.

प्रतीकांचे तसे होत नाही. ईडिपस डोळस असताना अज्ञानी आहे. सत्य कळताच तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. आपल्या मनातील अंध राजा धृतराष्ट्र. त्याचे खरे अंधत्व पुत्रमोहाचे. महाभारत त्यालाच ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणते, तेव्हा दृष्टी आणि ज्ञान यांतील तीच विसंगती आपल्याला घरच्या भाषेत भेटते. म्हणून ही शोकात्मिका शिकविताना शेवट आधीच सांगण्यात रसहानी मानू नये. येथे रसाची पूर्वअटच ती आहे.