गेलेल्या पानांचा हिशेब

पत्त्यांच्या खेळात हुशारी कशाला म्हणायचे? चांगली पाने हातात येणे हे नशीब झाले. गेलेली पाने ज्याच्या लक्षात राहतात, तो खरा खेळाडू. आमच्या आष्टीतले मेंढीकोट खेळणारे जुने लोक ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणत होते. चार गडी, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पाने. ज्यांनी दश्श्या जास्त पकडल्या ते जिंकले. चारही पकडल्या तर मेंढीकोट. मुरलेला गडी बावन्न पाने ध्यानात ठेवण्याच्या भानगडीत पडत नसे. दश्श्या किती गेल्या, हुकूम किती उतरला, एक्के कोणी टाकले, एवढेच तो मोजी आणि बाकीचे खुशाल विसरे. आमच्या घरात पत्त्यांना थारा नव्हता. अम्मी म्हणे, पैसा लावला तर हराम आणि नाही लावला तर वेळ वाया. त्यामुळे मी हे सारे बाजूला उभे राहूनच पाहिले.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद आत्मचरित्रात केली आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने, तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पाने असतात. पाने गोल असतात. या खेळात हुकूम नसतो. राजा गेला की प्रधान मोठा, प्रधान गेला की त्याखालचे पान मोठे. म्हणजे प्रत्येक रंगात आता शिल्लक राहिलेले सर्वांत मोठे पान कोणते, हे सतत ठाऊक हवे. त्यात आणखी गंमत अशी, की अर्ध्या रंगांत दश्शी वरची आणि एक्का तळाला, तर उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलटे. इथे मेंढीकोटासारखे निवडून मोजता येत नाही, सगळेच मोजावे लागते. गंजिफा मागे पडली त्यात स्वस्त छापील पत्त्यांचा हात होताच, पण माणसाला एवढे ओझे डोक्यावर नको होते, हेही एक कारण असावे असे मला वाटते.

काय मोजायचे आणि काय सोडायचे, हाच प्रश्न पुढे अमेरिकेत एका गणितज्ञापुढे आला. ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही. दश्शी, गुलाम, राणी, राजा या सर्वांची किंमत दहा, म्हणजे बावन्नांत सोळा पाने दहाची. पत्ते वाटणाऱ्याला सतरा होईपर्यंत पान घ्यावेच लागते. गड्डीत दहाची पाने जास्त उरली असतील तर तो एकवीस ओलांडून बाद होण्याचा धोका वाढतो. एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर हे हिशेब करून १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढले. त्यांची मुख्य पद्धत दहाची पाने मोजण्याची होती. आमच्या पारावरचा गडी तरी दुसरे काय करीत होता?

पण दहाची आणि बाकीची अशी दोन्ही पाने मोजून त्यांचे प्रमाण काढणे गोंगाटात कठीण. १९६३ मध्ये हार्वे डबनर यांनी सोपी पद्धत मांडली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान पडले की एक मिळवायचा, दश्शीपासून एक्क्यापर्यंतचे पडले की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांच्याकडे पाहायचेही नाही. मी बी.ए. मराठीचा, गणिताशी माझी सलगी नाही. पण गझल लिहिताना लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मोजणाऱ्याला ही रीत परकी वाटत नाही. पुढे प्रत्येक पानाला वेगळे वजन देणाऱ्या, एक्के निराळे मोजणाऱ्या पद्धती निघाल्या. कागदावर त्या सरस ठरतात. मात्र तासाभरात दोनदा चुकला की सरसपणा संपला. म्हणून अनेक जाणकार सोपीच पद्धत निवडतात. एवढे करूनही फायदा शेकड्याला जेमतेम एकाच्या आसपास. आणि कॅसिनोवाले चार-सहा गड्ड्या एकत्र पिसतात किंवा मोजणाऱ्याला दार दाखवतात, ते वेगळेच.

आता आपल्या मुलखाकडे येतो. १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. त्या राज्यात १३०५ फसलीचा, म्हणजे १८९५-९६ च्या सुमाराचा, जुगाराचा कायदा होता. १९६३ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली. तिथे रमी चालू होती. खटला याच जुन्या कायद्याखाली भरला गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २२ नोव्हेंबर १९६७ चा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा. त्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटले, तीनपत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ. रमी तशी नाही, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. पारावरची विद्या अशी कायद्याच्या पुस्तकात गेली.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक स्वतः नफा काढीत असेल, तर गुन्हा होऊ शकतो.

मोबाइलवर रमी आली तेव्हा कंपन्यांनी निकालाचा पहिला भाग जाहिरातींतून घरोघरी पोहोचवला आणि दुसरा सोडून दिला. काय मोजायचे ते त्यांनीही निवडले होते. प्रत्येक डावातून त्यांचा वाटा कापला जात होता. आमच्याकडच्या एका पोराने कापसाचे पैसे, मग मोटारसायकल, मग उसनवारी असे सारे त्यात घातले. त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, कोर्ट म्हनतं हुशारीचा खेळ हाय. माझं लेकरू गावात एक नंबर खेळायचं, मग हारलं कसं?” मी तिला सांगितले, की गेलेली पाने त्याला पाठ असतील, पण दर डावाला कापला जाणारा वाटा मोजायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ हुशारीचा की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवलेला नाही. तोवर त्या घरातले दीड एकर रान विकून झाले होते.