दुष्काळात तगलेला डोडो

१/ गुलटेकडीच्या मार्केट यार्डात केरळहून अननसाच्या गाड्या येतात. केरळात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या अननसाच्या वाणाचे नाव ‘मॉरिशस’. नाव हिंदी महासागरातील बेटाचे, फळ मुळात दक्षिण अमेरिकेचे. त्या बेटाचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहासही असाच आहे : बाहेरून आलेले फोफावले, मूळचे आक्रसले. आता तेथील हवामानही बदलत आहे.

२/ मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वर आले. कोणत्याही खंडाशी ते कधीच जोडलेले नव्हते. उडत, तरंगत वा वाऱ्यावर जे जीव पोहोचले, त्यांच्यापासून जगात अन्यत्र नसलेल्या प्रजाती तेथे घडल्या. डोडोचे पूर्वज कबुतरांच्या कुळातले. जमिनीवर शिकारी प्राणीच नसल्याने त्याचे पंख पिढ्यान्‌पिढ्या खुरटत गेले.

३/ बेटाच्या आग्नेयेस मार-ओ-सोंज नावाची दलदल आहे. जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना १८६५ मध्ये तेथे डोडोची हाडे सापडली. २००५ मध्ये तेथे नव्याने संशोधन सुरू झाले. डोडो आणि महाकाय कासवांच्या या हाडांचे वय सुमारे ४,२०० वर्षे निघाले. संशोधकांच्या मते तीव्र दुष्काळात तळे आटले, उरलेले पाणी खारट व विषारी झाले आणि पाण्याच्या आशेने जमलेले प्राणी तेथेच मेले.

४/ त्याच सुमारास आशिया आणि आफ्रिकेच्या अनेक भागांतही कोरडा काळ आला होता. मेघालयातील मॉम्लुह गुहेच्या चुनखडी स्तंभात त्याची खूण सापडते. म्हणूनच २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजवरच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले.

५/ त्या दुष्काळात असंख्य प्राणी मेले, पण डोडोची जात संपली नाही. किनाऱ्यापासून मधल्या पावसाळी पठारापर्यंत जंगल सलग होते. एका भागातील पाणी आटले तरी दुसरा भाग शिल्लक होता. त्यानंतर डोडो साडेतीन हजारांहून अधिक वर्षे जगला.

६/ १५९८ मध्ये डच आले. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे जमिनीवरील घरट्यांतली अंडी फस्त करू लागली. हजारो वर्षांपूर्वीचा दुष्काळ पचवलेला पक्षी माणसाच्या आगमनानंतर शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. १६३९ मध्ये डचांनीच जावाहून ऊस आणला.

७/ पुढे फ्रेंचांचा अंमल आला. प्रशासक पियेर प्वाव्र यांना जंगल तुटले की पाऊस घटतो, अशी चिंता होती. १७६९ च्या नियमांनुसार जमीनमालकांनी चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतार, जंगलाखाली ठेवायचा होता. वने आणि हवामान यांचा संबंध कायद्यात आणण्याचा हा जगातील अगदी सुरुवातीचा प्रयत्न.

८/ उसापुढे तो टिकला नाही. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली आणि जंगले झपाट्याने शेते बनली. १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर येऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीसारख्या भागांतील मराठी माणसे होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कुठली जमीन उसाखाली आणायची, हे ठरवणारे ते नव्हते. आज त्यांचेच वंशज त्या बेटावर गणेशचतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते.

९/ आज चांगल्या स्थितीतील मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल या लहान ससाण्याचे निसर्गातील ज्ञात पक्षी फक्त चार होते. बंदिस्त प्रजनन, कृत्रिम घरटी आणि पूरक खाद्य यांमुळे तो वाचला.

१०/ आता त्याच्यापुढे नवे संकट आहे. विणीच्या आरंभी पावसाचे दिवस वाढले की अंडी घालणे लांबते. उशिरा जन्मलेली पिल्ले मग चक्रीवादळांच्या हंगामातील मुसळधार पावसात सापडतात. अशा पावसात शिकार मिळवणे अवघड, म्हणून कमी पिल्ले जगतात.

११/ इल-ओ-एग्रेत हे सुमारे २६ हेक्टरांचे प्रवाळी बेट गुलाबी कबुतरासारख्या दुर्मीळ जीवांचा आसरा आहे. नामशेष कासवांऐवजी अल्डाब्राची महाकाय कासवे तेथे आणली आहेत. ती एबनीची फळे खातात आणि विष्ठेतून बिया पसरवतात. पण बेट सखल आहे. समुद्र चढला तर अशा आसऱ्यांना मागे सरकायला जागा नाही.

१२/ डोडो मूर्ख होता म्हणून संपला, ही लोकप्रिय समजूत मार-ओ-सोंजच्या हाडांपुढे टिकत नाही. तेव्हा दुष्काळ आला होता, पण बेट अखंड होते. आजचा हवामानबदल तुकड्यांत उरलेल्या जंगलावर आला आहे. म्हणून मॉरिशसमध्ये उंदीर हटवणे, जंगलात माजलेला परका चिनी पेरू उपटणे आणि देशी रोपे लावणे, ही कामे हवामानबदलाशी झुंजण्याचीच कामे ठरतात.