आवडीचा रंग

कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात का, हा प्रश्न फ्रान्सिस गथ्रीने १८५२ साली उपस्थित केला. अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी १९७६ साली संगणकाच्या मदतीने ‘पुरतात’ असे उत्तर दिले. ही कथा बऱ्याच वेळा सांगून झाली आहे. मला खेचले ते त्याच वर्षी सोव्हिएत गणिती विझिंग यांनी मांडलेल्या प्रश्नाने: प्रत्येक प्रदेशाला सगळे रंग खुले नसतील, प्रत्येकाची यादी वेगळी असेल, तर? एर्डश, रुबिन आणि टेलर हे तिघेही १९७९ मध्ये स्वतंत्रपणे इथेच पोहोचले.

याद्या वेगळ्या म्हणजे भांडणे कमी, असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मग कागदावर सहा ठिपके काढले. ठिपका म्हणजे प्रदेश, रेघ म्हणजे शेजार. वर दोन, खाली चार. वरचा प्रत्येक ठिपका खालच्या चौघांना जोडलेला. एरवी दोन रंगांत काम भागते. पण वरच्या एकाला १, २ आणि दुसऱ्याला ३, ४ हे रंग द्या. खालच्यांना १-३, १-४, २-३, २-४. वरच्यांनी काहीही निवडले तरी खालचा एक जण दोन्हीकडून अडतो!

रेघा एकमेकींना न छेदता काढलेल्या आकृतीत चार रंगांच्या याद्याही कमी पडू शकतात, हे मार्गिट फोइग्ट यांनी १९९३ मध्ये २३८ ठिपक्यांच्या आकृतीने दाखवले. १९९६ मध्ये ते काम ६३ ठिपक्यांत करणाऱ्या मरियम मिर्झाखानी तेव्हा तेहरानमध्ये विद्यार्थिनी होत्या. पाच रंगांच्या याद्या मात्र नेहमी पुरतात. थोमासन यांची १९९४ ची ती सिद्धता जेमतेम दोन पानांची. बाहेरच्या कडेवरच्या दोन शेजाऱ्यांचे रंग त्यांनी आधीच ठरवून टाकले, कडेवरच्या बाकीच्यांना तीनच रंग दिले. विधान अवघड केले आणि सिद्धता सोपी झाली. मला ही युक्ती संगणकी सिद्धतेहून अधिक भावते.

या सगळ्यात यादीतला कुठलाही रंग मिळाला की ठिपक्याने गप्प बसायचे. त्याची आवड विचारली द्व्होर्झाक, नोरिन आणि पोस्टल यांनी, २०१९ मध्ये. दोन शेजाऱ्यांनी तांबडाच मागितला तर एकाची निराशा अटळ. म्हणून त्यांनी विचारले, मागण्यांपैकी किती पुरवता येतील? न छेदणाऱ्या रेघांच्या आकृतीत सात-सात रंगांच्या याद्या असल्या, तर आकृती कितीही वाढो, मागण्यांचा एक ठरावीक हिस्सा पुरवता येतो, हे त्यांच्या कामातून निघते. हिस्सा लहान आहे, पण शून्य नाही.